घरच्या पत्त्यावर नको
कृष्णकुमारने हात पुढे केला, पण पोस्टमनने पाकीट सवयीने वडिलांच्या, मुकुंदरावांच्याच हाती दिलं. रजेचे सहा दिवस तो याच भीतीने दारात येरझारा घालत होता आणि आज नेमका दोन पावलं मागे पडला. तेही बहिणीचे, शरण्याचे, होणारे सासरे नरसिंहराव घरात बसलेले असताना.

पहाडातल्या चौकीवर दरड कोसळून त्याचे दोन सोबती गेले, तेव्हापासून त्याची झोप उडाली होती आणि हात कापायचे. सैनिकी रुग्णालयात त्याने अर्ज दिला होता: माझ्या आजाराची पत्रं घरी न पाठवता शेजारच्या स्वामीमलै गावी स्वामीनाथकडे पाठवावीत. मूर्ती ओतणारा हा मित्र तोंडाचा पक्का होता. "दप्तरात पत्ता बदलेपर्यंत एखादं पत्र घरी जाईल हो," डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. कुंभकोणमात मराठी घरं ती किती. एका घरी शिंक आली की दुसऱ्या घरी काढा उकळतो. नवरीच्या भावाचं डोकं ठीक नाही, एवढी कुजबुज शरण्याचं लग्न मोडायला पुरे होती.

आणि या घराची रीतच न्यारी. आलेलं पत्र आधी विठ्ठलापुढे ठेवायचं, मग मुकुंदरावांनी ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचं. इंग्रजी असलं तर मराठी करून. कृष्णकुमार बारावीला नापास झाल्याचं साऱ्या सोयऱ्यांना असंच कळलं होतं.

"सैन्याचें पत्र कां? वाचा, आम्हांसही ऐकूं द्या," नरसिंहराव म्हणाले.

"अप्पा, मी वाचतों मागून."

"मागून कशास? घरचींच माणसें आहेत," मुकुंदराव म्हणाले.

मुकुंदरावांनी पाकीट देवापुढून उचललं, फोडलं, चष्मा चढवला. पहिल्या ओळीवर त्यांचे ओठ हलले आणि थांबले. कृष्णकुमारने हातातला कॉफीचा पेला खाली ठेवला, नाहीतर सांडलाच असता. आता उठून बाहेर पडावं आणि मिळेल त्या बसने जावं, असं त्याला वाटलं. पण तो बसूनच राहिला.

"सैन्याच्या कँटीनचें कार्ड नवें झालें म्हणतात," मुकुंदराव वाचू लागले. "भांड्यांवर सवलत आहे. मिक्सरवरही आहे."

"मिक्सर मिळेल कां रे?" गोमतीबाईंचा चेहरा उजळला.

"मिळेल, आई," कृष्णकुमार कसाबसा म्हणाला.

"पाहूं, सैन्यांत इंग्रजी कसें लिहितात तें," म्हणत नरसिंहरावांनी हात पुढे केला.

मुकुंदरावांनी कागदाची घडी घालून सदऱ्याच्या खिशात टाकली. "ज्याचें पत्र त्याचें," ते म्हणाले.

गोमतीबाई नवऱ्याकडे बघतच राहिल्या. चाळीस वर्षांच्या संसारात असलं काही त्यांनी ऐकलं नव्हतं. नरसिंहराव मात्र हसले, मुहूर्ताचं बोलले, दुसरी कॉफी प्याले आणि तासाभराने उठले.

पाहुण्यांना रस्त्यापर्यंत पोहोचवून मुकुंदराव परत आले, दारातल्या बाकावर बसले आणि त्यांनी मुलाच्या हातात कागद दिला. तीनच ओळी होत्या. आपली विनंती मान्य झाली आहे. मनोविकार विभागाची पत्रं यापुढे घरच्या पत्त्यावर पाठवली जाणार नाहीत. कारकुनाने ही बातमी मोठ्या इमानाने घरच्या पत्त्यावरच धाडली होती. थोडं डोकं दुखतं अप्पा, दुसरं काही नाही, असं सांगायचं कृष्णकुमारने ठरवूनच ठेवलं होतं.

मुकुंदरावांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. ते रस्त्याकडे पाहत होते.

"तुज झोंप येते कां?"

चौकीवर, गाडीत, इथे घरी, ज्याने विचारलं त्याला तो "छान येते" म्हणत आला होता.

"नाहीं," तो म्हणाला.

मुकुंदराव थोडे सरकले आणि त्यांनी त्याला बाकावर जागा करून दिली.