शिकागोची साडेतीनची बोट

संग्राम घाटगे एका गाड्यांच्या कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचा. मिशिगनमधल्या नोव्हायच्या मराठी मंडळात त्याची ख्याती अशी होती की त्याच्याबरोबर एकदा ट्रिपला गेलेलं कुटुंब दुसऱ्यांदा जात नाही. नायगाराला त्याने एका जोडप्याला धबधब्यापुढे अकरा मिनिटं दिली होती. बाराव्या मिनिटाला पार्किंगमधून हॉर्न वाजला. ते जोडपं अजूनही दिवाळीच्या कार्यक्रमात त्याच्यापासून चार खुर्च्या सोडून बसतं.

या वेळी गाडीत मागच्या सीटवर सासूबाई होत्या, म्हणजे काम नाजूक होतं. शोभनाताई नागपूरला एका शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवून रिटायर झालेल्या. सहा आठवड्यांपूर्वी त्या लेकीकडे, हिमानीकडे आल्या होत्या. त्यांना शिकागो दाखवायचं म्हणून संग्रामने तीन रात्री बसून एक्सेल शीट केली होती. दोन दिवस, सतरा ठिकाणं. एका कॉलममध्ये पार्किंग, दुसऱ्यात बाथरूम, आणि तिसऱ्यात हिरव्या रंगात जेवण. सासूबाई शाकाहारी, तेव्हा पहिल्या दिवशी संध्याकाळी इडली, दुसऱ्या दिवशी सकाळी डोसा आणि दुपारी गुजराती थाळी. तिन्ही ठिकाणं शिकागोपासून चाळीस मिनिटं लांब, पण जावयाने त्रास घ्यायचा नाही तर कोणी घ्यायचा? शनिवारी दुपारी तेवढा पिझ्झा होता, कारण नऊ वर्षांच्या आन्याने त्यासाठी सत्याग्रह केला होता.

शनिवारी सकाळी सातला निघाले. इंडियाना लागल्यावर संग्रामने आरशातून मागे बघत जाहीर केलं, "आई, आता आपण एक तास मागे गेलो बरं का. शिकागोची वेळ वेगळी. पण मी सगळं कॅलेंडरमध्ये टाकलंय. फोन आपोआप ॲडजस्ट करतो."

"पंधरा रेखांशाला एक तास," सासूबाई म्हणाल्या. "सातवीला शिकवायचे मी. पोरं बेरजेऐवजी वजाबाकी करायची आणि वजाबाकीऐवजी बेरीज."

"आता ती भानगडच नाही," संग्राम म्हणाला.

शिकागोत शिरल्यापासून त्याचा फोन दर थोड्या वेळाने टिंग करायचा आणि मंडळी उठायची. शहराच्या बागेतल्या, घेवड्याच्या दाण्यासारख्या प्रचंड चकचकीत स्टीलच्या बीनपुढे सासूबाईंना फार मजा वाटली. तिच्यात अख्खं शहर वाकडं दिसत होतं आणि मोठी मोठी माणसं आपलं वाकडं प्रतिबिंब बघून खिदळत होती. एक सुटाबुटातले आजोबा पुढे-मागे होऊन स्वतःचं पोट लहान-मोठं करून बघत होते. सासूबाई त्यांच्याकडे बघत उभ्या राहिल्या.

टिंग.

"आई, चला. फोटो झाला ना?"

"त्यांचं पोट कुठे जाऊन थांबतं ते बघू द्या की, संग्रामराव."

पण तोवर संग्राम वीस पावलं पुढे गेला होता.

पिझ्झाच्या दुकानात वेट्रेसने पाणी ठेवलं, ऑर्डर घेतली आणि हसत सांगितलं की डीप डिश पिझ्झा भाजायला पंचेचाळीस मिनिटं लागतात. संग्रामच्या शीटमध्ये अख्ख्या जेवणाला पन्नास होती. त्याने पालकाच्या पिझ्झ्याऐवजी लवकर होईल असं काही आहे का विचारलं. तेव्हा आन्याने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्याने मेन्यू खाली ठेवला. पिझ्झा आला तो पुरणपोळीच्या परातीएवढ्या काळ्या तव्यात, तीन बोटं उंच, वर लालभडक सॉस उकळत. सासूबाईंनी काटा उचलला, पहिला घास तोंडात घातला, डोळे मिटले.

टिंग. टिंग. टिंग.

"बोट!" संग्राम ताडकन उठला. "अडीचची बोट! पॅक करा, पॅक करा!"

शिकागो नदीतून उंच इमारती दाखवत फिरणारी ती बोट म्हणजे या ट्रिपचा मुकुटमणी होती. तिकिटं महिन्यापूर्वी काढलेली. शिवाय नेटवर भरवसा नको म्हणून प्रत्येकाच्या नावाची प्रिंट काढून ज्याची त्याच्या हातात दिलेली. आता हातात पिझ्झ्याचा गरम खोका धरून संग्राम पुढे, त्याच्यामागे आन्या, मग हिमानी, आणि सगळ्यात मागे तिकीट वाचत सासूबाई, अशी वरात फुटपाथवरून धावू लागली.

"अहो संग्रामराव, यावर साडेतीन लिहिलंय!"

"ती मिशिगनची वेळ आहे, आई!"

सासूबाई चालता चालता थांबल्या. "शिकागोच्या बोटीचं तिकीट मिशिगनच्या वेळेत कशाला छापतील?"

प्रश्न रास्त होता, पण सिग्नल सुटत होता. संग्रामने त्यांचा हात धरून रस्ता ओलांडला.

धक्क्यावर दोन बोटी उभ्या होत्या. फाटकावरच्या मुलीने संग्रामचं तिकीट पाहिलं आणि गोड आवाजात सांगितलं, की सर, तुमची बोट साडेतीनची, आत्ता अडीचचे लोक चढतायत. संग्रामने फोन तिच्या नाकासमोर धरला. कॅलेंडरमध्ये स्वच्छ अडीच होतं. मुलगी तशीच हसत राहिली.

आन्याने बापाच्या हातातून फोन घेतला, दोनदा अंगठा फिरवला आणि म्हणाली, "डॅड, यू टाइप्ड इट इन मिशिगन. सो द फोन मूव्ह्ड एव्हरीथिंग वन अवर. वी आर अर्ली. लाइक, ऑल डे."

म्हणजे घरी बसून त्याने शिकागोचे साडेतीन लिहिले, फोनला वाटलं हे मिशिगनचे साडेतीन, आणि इथे आल्यावर फोनने इमानेइतबारे एक तास कापला. सकाळपासून प्रत्येक ठिकाणी तो सगळ्यांना एक तास आधी पळवत होता. संग्राम दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधून नेमक्या अशाच चुका शोधून काढायचा. त्याने हिमानीकडे पाहिलं. हिमानी आपल्या तिकिटाची नीट घडी घालून ती पर्समध्ये ठेवत होती. बारा वर्षांच्या संसारात ती बोलत होती तोवर त्याला कधी भीती वाटली नव्हती.

"मी जरा बाथरूमला जाऊन येते," सासूबाई म्हणाल्या आणि गेल्या.

दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. हिमानी बायकांच्या बाथरूममध्ये बघून आली. नव्हत्या. त्यांना फोन लावला, तो हिमानीच्याच पर्समध्ये वाजला. पिझ्झ्याचा खोका घेऊनच संग्राम नदीकाठाने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावला. सिक्युरिटीच्या माणसाला गाठून तो धापा टाकत सांगू लागला, की पाच फूट उंच, पांढरे केस, पिवळा पंजाबी ड्रेस, त्यावर माझ्या कंपनीचा स्वेटशर्ट. माणसाने शांतपणे विचारलं, त्या हरवल्यायत की फिरतायत?

"वरून दिसेल," हिमानी म्हणाली आणि तिघं पुलावर चढली. खाली हिरवट नदी, दोन्ही बाजूंना काचेचे मनोरे, काठावर माणसांची गर्दी. एवढ्यात आन्या किंचाळली, "आजी!"

पुलाखालून एक बोट येत होती. वरच्या डेकवर, अगदी पहिल्या रांगेत, दोन गोऱ्या बायकांच्या मधोमध, काळा चष्मा लावून सासूबाई बसल्या होत्या. चष्मा त्यांचा नव्हता.

"आई!" संग्राम कठड्यावरून ओरडला. "आई, उतरा!"

नदीच्या मध्यभागी उतरायचं कसं, हा विचार त्याने केला नव्हता. सासूबाईंना तो हाक मारतोय एवढंच कळलं. त्या उठून उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात हलवू लागल्या. शेजारच्या बायकाही हलवू लागल्या. मग सगळ्या डेकनेच जावयाला हात केले, आणि बोट डौलात पुलाखाली निघून गेली.

हिमानी आधी रागाने लाल झाली, मग कठड्याला टेकून हसायला लागली ते थांबेचना. संग्राम मात्र खोका मांडीवर घेऊन तिथेच खाली बसला.

आता पंचाईत अशी, की सासूबाईंची बोट पावणेचारला परतणार आणि यांची साडेतीनला सुटणार. सगळे गेले तर त्या धक्क्यावर एकट्या. सकाळपासून पहिल्यांदाच फोनकडे न बघता संग्राम म्हणाला, "तुम्ही दोघी जा. मी थांबतो." हिमानीने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि आन्याला घेऊन गेली.

पावणेचारला सासूबाई उतरल्या. त्या दोन बायकांना त्यांनी मिठी मारली, चष्मा परत केला.

"विस्कॉन्सिनच्या बहिणी," त्यांनी सांगितलं. "मला चीजचे तळलेले गोळे दिले. मी फाटकाशी नुसती बघत उभी होते हो. त्या मुलीने तिकीट पाहिलं, म्हणाली, एक जागा आहे, जाता का? मी मागे वळून पाहिलं तर तुम्ही फोनशी भांडत होता. म्हटलं, यांना कशाला त्रास."

"आई, आम्ही किती घाबरलो!"

"हो, ते चुकलंच माझं," त्या लगेच म्हणाल्या. "सांगून जायला हवं होतं. शाळेच्या सहलीत असं कोणी केलं असतं तर मी त्याला परत येईपर्यंत बसमध्ये बसवलं असतं."

नदीकाठच्या पायऱ्यांवर दोघं बसली. करण्यासारखं काहीच नव्हतं. संग्रामच्या आयुष्यात असा तास बऱ्याच वर्षांत आला नव्हता. हात कुठे ठेवावेत हेही कळेना, म्हणून त्याने खोका उघडला. पिझ्झा थंड झाला होता आणि धावपळीत सगळं चीज एका बाजूला सरकलं होतं. सासूबाईंनी हाताने तुकडा तोडला आणि खाऊ लागल्या.

"संग्रामराव, एक विचारू? रागावू नका. संध्याकाळी इडलीच खायची आहे का?"

"तुमच्यासाठीच तर ठेवलीय, आई."

"मला कळत होतं ते. म्हणून सहा आठवडे गप्प आहे. पण इडली मी नागपूरला रोज खाऊ शकते. इथली माणसं काय खातात ते बघायला आले हो मी. भूगोल शिकवला एकतीस वर्षं, आणि महाराष्ट्राबाहेर पाऊल टाकलं ते रिटायर झाल्यावर."

संग्रामने फोन खिशात टाकला. मग न विचारताच बोलू लागला. "माझे आई-बाबा चार वर्षांपूर्वी आले होते. जानेवारीत. ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं, एकही सुट्टी मिळाली नाही. दहा आठवडे राहिले. पाहिलं काय, तर आमचा बेसमेंट, दोन मॉल आणि बर्फ. आता बाबांच्याने प्रवास होत नाही. म्हणून म्हटलं, तुमच्या वेळी तरी एकही ठिकाण सुटायला नको."

सासूबाईंनी घास गिळला. "म्हणजे त्यांचं राहिलेलं सगळं माझ्या गुडघ्यांवर वसूल करताय?"

संग्रामला हसू फुटलं, आणि हसताना डोळे का भरले हे त्याला कळलं नाही.

"तुमच्या आई मला फोनवर काय सांगतात माहितीय?" त्या पुढे म्हणाल्या. "तुमच्या शेजारची ती चिनी आजी. तिच्याशी भाषा एक नाही, तरी दोघी दुपारी खिडकीतून एकमेकींना आज काय शिजवलं ते पातेलं उचलून दाखवायच्या. सगळ्या कोल्हापूरला सांगून झालंय. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

संग्रामला ठाऊक नव्हतं. तो ऑफिसात होता.

पाऊण तास सासूबाई समोरच्या इमारतींकडे बोट दाखवून त्याला बोटीवर ऐकलेलं सगळं सांगत राहिल्या. ही नदी पूर्वी सरोवरात जाऊन मिळायची, माणसांनी कालवा खणून तिला उलटी वाहायला लावली, हे सांगताना त्या वर्गात उभं राहावं तशा उठून उभ्या राहिल्या. शेजारच्या पायरीवर बसलेलं एक कॉलेजातलं जोडपंही कानातली बटणं काढून ऐकू लागलं. भाषा कळत नसतानाही हातवाऱ्यांवरून नदी कुठे वळली ते त्यांना कळलं असावं, कारण मुलगा "वॉव" म्हणाला.

बोट परत आली तेव्हा हिमानीला वाटलं होतं की नवरा उरलेल्या ठिकाणांचा नवा हिशेब मांडून बसला असेल. तो पायरीवर पाय पसरून बसला होता.

"इडली कॅन्सल," तो म्हणाला. "आईंच्या मैत्रिणींनी एक पोलिश हॉटेल सांगितलंय."

ते हॉटेल म्हणजे एक लांबट, जुनी खोली होती. भिंतींवर कोणाकोणाच्या लग्नाचे फोटो, आणि वेट्रेस सासूबाईंच्याच वयाच्या. त्यांनी बटाट्याच्या पिएरोगी आणून ठेवल्या. वर परतलेला कांदा, बाजूला घट्ट आंबट दही. सासूबाईंनी एक उचलून दिव्यासमोर धरली, कडेची मुरड निरखली आणि न्यायाधीशासारखा निकाल दिला, "करंजी. उकडलेली."

संग्रामने आईला व्हिडिओ कॉल लावला. कोल्हापुरात पहाटेचे साडेपाच, पण ती त्या वेळी उठून चहा घेऊन बसलेली असते हे त्याला माहीत होतं.

"आरं, जेवलास काय?" तिने पहिलं विचारलं.

"जेवतोय. आई, चिनी आजी आणि पातेल्याचं मला कधी सांगितलं नाहीस?"

"तू कधी इचारलंस?" ती म्हणाली, पण तोवर सासूबाईंनी फोन काढून घेतला होता.

"विहीणबाई, हे बघा हे! मुरड बघा! सारण बटाट्याचं!"

"अगं बया! मोहन घालत्यात काय पिठात?"

"थांबा, विचारते." त्यांनी वेट्रेसबाईंना खुणेने बोलावलं आणि फोन त्यांच्या हातातच दिला. बाईंनी कोल्हापूरच्या स्वयंपाकघराकडे पाहिलं, कोल्हापूरने बाईंकडे. मग बाई काउंटरवरून पिठाचा एक गोळा घेऊन आल्या आणि कडा कशी मुडपायची ते कॅमेऱ्यासमोर करून दाखवू लागल्या. मागच्या टेबलावरच्या लोकांचं सूप तसंच राहिलं.

आन्या खुर्चीवर उभी राहून भाषांतर करत होती, दोन्हीकडचं निम्मं चुकीचं. हिमानीने कपाळाला हात लावला. सासूबाईंची प्लेट थंड होत होती, म्हणून संग्रामने ती हळूच आपल्याकडे ओढून संपवली आणि आणखी दोन प्लेटी मागवल्या. प्लेटी आल्या तेव्हा फोनवर सारणात वेलदोडा चालेल का यावर वाद रंगला होता. सासूबाईंनी तिकडची नजर न काढता एक प्लेट आपल्यापुढे सरकवली आणि तिच्यापर्यंत पोहोचलेल्या जावयाच्या हातावर चापट मारली.