तिरका दोर

दुष्काळी मुलखातल्या माणसानं समुद्राचं नाव काढलं की लोक हसतात. हसू देत. एकाहत्तर सालच्या दिवाळीच्या सुट्टीत नगरच्या कॉलेजातली तीन पोरं मुळा धरणाच्या पाण्यावर होडी टाकून बसली, तेव्हा शेरडं पाण्यावर आणलेल्या एका म्हाताऱ्यानं काठावरून विचारलंच, "गावात प्याया पानी न्हाई, आन् तुमी दर्या मोजाया निघालाय व्हय?"

"व्हय!" तिसगावची चांगुणा होडीतून ओरडली.

मोहीम पोरांनीच काढलेली. वर ना प्राध्यापक, ना साहेब. नाताळात रत्नागिरीहून एका मच्छीमाराच्या लाँचवर चढायचं आणि आत जाऊन समुद्राची खोली, तळाचा गाळ, पाण्याचा खारटपणा तपासायचा, असा बेत. त्याची ही तालीम; इथल्या खोलीचा नकाशा दाखवला तरच लाँच मिळणार होती. म्होरक्या रंगनाथ, नगरातल्या एका आडत्याचा मुलगा. त्यानं दोन नियम घातले होते. चार दिवस पाय जमिनीला लावायचा नाही. आणि ज्याच्या हातून चूक होईल तो उतरेल, समुद्राचं नावही त्यानं पुन्हा काढायचं नाही. हा दुसरा नियम कुणासाठी होता, हे चांगुणाला न सांगता कळलं होतं.

पोरीला एकटी कशी धाडायची, म्हणून घरच्यांनी मावशीला, बनुबाईला, सोबत दिलं होतं. बनुबाईला पाण्याची भारी धास्ती. होडी जरा डुलली की ती दोन्ही हातांनी फळी धरायची आणि म्हणायची, "रंगनाथा, बाबा, मला काठाला सोड." रॉकेलचा वास मारणारं पिठलं आणि वाळून कडक झालेली भाकरी खातानाही तेच. वल्ही मारणारा आणि स्टोव्ह सांभाळणारा तिसरा सोबती अलीम दर वेळी "उद्या सोडतो, मावशी" म्हणून तिची समजूत काढायचा.

खोली मोजायचं काम चांगुणाकडे. दोराला हात-हात अंतरावर चिंध्या बांधलेल्या, टोकाला लोखंडी वजन, आणि वजनाच्या बुडाला साबण चोपडलेला, म्हणजे तळाचा गाळ चिकटून वर येतो. तिचं बालपण विहिरीच्या काठावर गेलेलं. दोर जेवढा आत गेला तेवढं पाणी खोल, यात विचारायचं काय? बाकीच्या दोघांनाही काही वावगं दिसलं नाही. तेही कोरड्या मुलखातलेच.

तिसऱ्या दिवशी दुपारी वारा पडला. काठावरच्या खुणा जुळवून त्यांनी होडी पहिल्या दिवशीच्या जागी आणली. चांगुणानं दोर सोडला. तीस हातांवर वजन टेकलं. पहिल्या दिवशी इथंच चाळीस भरले होते.

"धरण गळायला लागलं वाटतं," अलीम हसला.

चांगुणा हसली नाही. दोन्ही दिवस वारा होडीला ढकलत होता आणि दोर मागं तिरका ताणला गेला होता, हे तिला आठवलं. भिंतीला टेकवलेली शिडी भिंतीच्या उंचीपेक्षा लांबच लागते. विहिरीत दोर सरळ पडतो, कारण विहीर माणसाला घेऊन सरकत नाही. म्हणजे दोन दिवसांची सगळी मोजणी खोटी होती.

गप्प बसली असती तर कुणाला कळणार होतं? तिनं दोर वर ओढला आणि जे होतं ते सांगून टाकलं.

आसपास चिटपाखरू नव्हतं, तरी रंगनाथचा आवाज खाली आला. "हळू बोल. आकडे आहेत तसेच ठेवू. पाण्यात उतरून कोण बघणार आहे? लाँचवाल्याला नकाशा दाखवायचाय. यांना साधी खोली मोजता येत नाही असं त्याला कळलं, तर तो कसली लाँच देतोय!"

"खोटा नकाशा मी दावनार न्हाई. समद्या जागा पुन्हा मोजू."

"मग नियम तो नियम. चूक तुझी आहे. अलीम, होडी काठाला घे. या दोघींना उतरव."

अलीमनं वल्ह्याला हात लावला नाही. चांगुणा उठली आणि दोराच्या वेटोळ्यावर जाऊन बसली. राग तिच्या कानशिलापर्यंत चढला होता.

"चूक माझी हाय, म्हनून तर मी उतरनार न्हाई! दोर किती तिरका गेला ते कंपासपेटीतल्या कोनमापकानं बघायचं आन् त्यावरनं खरी खोली काढायची. त्रिकोणमिती काय परीक्षेपुरती शिकलो आपुन? दर्यावर वारा आपल्यासाठी थांबनार हाय व्हय? चुकंल त्यो उतरंल म्हनलास, तर समदेच चुका दडवतील. बदल त्यो नियम. चूक दडवंल त्यो उतरंल!"

रंगनाथ बनुबाईकडे वळला. ती तर तीन दिवस हेच मागत होती.

"चला मावशी, तुम्हाला काठाला सोडतो."

बनुबाईनं पहिल्यांदाच फळी सोडली. पदर खोचला आणि होडीच्या मधोमध मांडी घालून बसली.

"मी कशाला उतरू? मी काय दडवलंय?" ती म्हणाली. "पोरीनं नवा नियम सांगितला न्हवं? मंग आता कुनाला उतरवायचं, ते तूच सांग की, बाबा."

अलीमनं तोंड फिरवून हसू दाबलं. वारा पुन्हा सुटला होता आणि होडी हळूहळू सरकू लागली होती. रंगनाथनं कंपासपेटी उघडली, कोनमापक काढला आणि चांगुणाच्या शेजारी येऊन दोराला लावला.

चांगुणानं वजन पाण्यात सोडलं.

"नीट धर," ती म्हणाली. "आन् मोठ्यानं सांग."