बोहनीचा पाऊस

मित्रांनो, मी एक जुना पर्जन्यमापक आहे, म्हणजे पाऊस मोजायचं सरकारी भांडं. आधीच सांगून ठेवतो, मी जन्मात एकदाही खोटं बोललेलो नाही. तरीही माझ्या नावावर एक खोटा पाऊस लिहिला गेला आणि त्यापायी एका गावाची गुरं उपाशी मरायची वेळ आली. लोक म्हणाले, भांडंच खोटं निघालं. म्हणोत बापडे! आज मी माझी बाजू मांडणार आहे, आणि कुणाची भीडभाड ठेवणार नाही.

माझी घडण अगदी साधी. तांब्याच्या पत्र्याचं अंग, पितळेची कड, वर नरसाळं, पोटात एक बाटली आणि जोडीला मापाची एक काचेची नळी. माझं तोंड मोजून पाच इंच रुंद. त्या तोंडात जेवढं पाणी पडेल ते बाटलीत उतरतं. सकाळी ते नळीत ओतायचं आणि किती इंच पाऊस झाला ते वाचायचं. बस्स, एवढाच माझा संसार.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. नांदुऱ्याच्या स्टेशनावर मला गवतात गुंडाळून उतरवलं आणि बैलगाडीनं पिंपळगाव राजाच्या पलीकडच्या एका लहानशा गावी नेलं. शाळेच्या पटांगणात विटांच्या ओट्यावर मला पक्कं बसवलं. पहिल्याच दिवशी माझ्यापुढं नारळ फुटला, कडेला हळदकुंकू लागलं. मी मनात म्हटलं, अरे बाबांनो, मी देव नाही, माप आहे! पण पत्र्याचं ऐकतो कोण?

माझी नोंद ठेवायचं काम उत्तमराव पटवाऱ्यांकडे होतं. माणूस पापभीरू. सरकारचा धाक एवढा, की मला हात लावायच्या आधी पायातल्या वहाणा काढून ठेवायचे. रोज सकाळी आठाच्या ठोक्याला यायचे, नळीतला आकडा वहीत उतरवायचे आणि आठवड्याच्या आठवड्याला कागद तहसील कचेरीत पाठवायचे. माझं कौतुकही खूप झालं. साहेब लोक आले की आधी मला पाहायचे. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

शाळेत फकीर मोहम्मद मास्तर भूगोल शिकवायचे. त्यांचं शिकवणं चार भिंतींत मावत नसे. पोरांना घेऊन ते माझ्या ओट्याभोवती उभे राहायचे आणि म्हणायचे, "नकाशा तोंडपाठ करता, बे, अन् पायाखाली कोनती माती हाय ते माहीत नाई! पाहा जरा खाली." सातव्या इयत्तेत एकच मुलगी होती, वच्छला. मनकर्णाबाईची लेक. घरी दोन बैल, एक गाभण गाय आणि शेत काळ्या मातीचं. मास्तरांनी तिला काम दिलं होतं, की शाळेमागच्या वावरातली एक भेग धरायची आणि दर शनिवारी तिच्यात तुराटी, म्हणजे तुरीची वाळकी काडी, घालून ती किती खोल आहे ते लिहायचं.

मधल्या सुट्टीत ती माझ्या ओट्याला टेकून बसायची आणि लिहिता लिहिता मोठ्यानं बोलायची. एकदा म्हणाली, "मले वाटे, भूगोल म्हणजे नद्यायचे नावं. आता समजलं, माती पानी पेली का फुगते अन् तहानली का फाटते. इतके दिवस ह्याच मातीत खेळली, पन कधी पाह्यलंच नाई." दुसऱ्या दिवशी मास्तरांना तिनं विचारलं, "पाऊस समुद्रातून येते म्हनता, मंग वाटेत कोनाकोनाले देत देत येते? आमच्यापाशी काऊन सरते?" मास्तर हसले आणि म्हणाले, "पोरी, ह्या सवालाचा जवाब मलेही पुरा येत नाई." मला ती मुलगी तेव्हापासून आवडली. ज्याला प्रश्न पडतो त्याच्या हातात माप शोभतं.

त्या वर्षी मृगात एक शिडकावा झाला, त्यावर लोकांनी पेरलं, आणि पुढं आभाळ कोरडं ठणठणीत. दीड महिना उलटला. पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, रोपं जागीच वाळली. मी तोंड उघडं टाकून बसलो होतो आणि पोटातली बाटली नुसती तापत होती.

मग गावात धोंडी निघाली. मुसळाला बेडूक बांधून, त्यावर कडुनिंबाचा पाला घालून घरोघर न्यायचं आणि लोकांनी त्यावर पाणी घालायचं, ही तिकडची पाऊस मागायची रीत. रविवारची दुपार होती, शाळा बंद. सगळं गाव फिरून बाया माझ्यापाशी आल्या. पुढं मनकर्णाबाई. पदर खोचून ती म्हणाली, "मारोतीले पानी झालं, महादेव पान्यात बुडवून झाला. आता राह्यलं ते हे सरकारचं भांडं! दीड महिना कोरडं हाय. ज्याची बोहनीच झाली नाई, त्याच्या दुकानात गिऱ्हाईक येईन कसं? करा बोहनी!" आणि बघता बघता माझ्या तोंडात भरलेला लोटा उपडा झाला. बाया हात जोडून, हसत घरी गेल्या.

आता मला सांगा, मी काय करायला हवं होतं? मला पाय नाहीत, जीभ नाही. जे तोंडात पडलं ते मी पोटात ठेवलं.

उत्तमराव त्या दिवशी सोयरिकीसाठी मलकापूरला गेले होते. सोमवारी सकाळी गाडीतून उतरले ते थेट माझ्याकडं आले. अर्ध्या इंचाची नळी चार वेळा भरली, वर थोडं उरलं. "वा!" म्हणाले. "काल इकडं सडाका आला वाटते." आणि वहीत लिहिलं, दोन इंच दहा सेंट; सेंट म्हणजे इंचाचा शंभरावा भाग. अहो, पायाखालची धूळ उडत होती! वहाणा काढल्या होत्या, पायांना कोरडी माती लागत असेल. पण भांड्यात पाणी आहे म्हणजे पाऊस पडलाच. कागद कचेरीत गेला. दुपारपर्यंत खरी गोष्ट त्यांच्या कानावर आली. सरकारी वहीत खाडाखोड केली तर पटवारकी जाईल, म्हणून ते मूग गिळून बसले. बाया मात्र खूश. "वहीत चढला ना? मंग आता येतेच!"

आला नाही. तीन आठवड्यांनी गावानं गुरांसाठी सरकारी चाऱ्याचा अर्ज केला आणि उत्तर आलं, तुमच्याकडं भरपूर पाऊस झाला आहे, चारा मिळणार नाही. मनकर्णाबाईच्या गाईच्या फासळ्या मोजता येत होत्या. तिनंच उपड्या केलेल्या लोट्यानं तिच्याच गोठ्यातला घास काढून घेतला होता.

शेवटी गावानं फिरून अर्ज केला आणि चौकशीला नायब तहसीलदार येणार असं ठरलं. आदल्या दिवशी वच्छलानं मास्तरांना सांगितलं, की मी साहेबांना माझी वही दाखवणार. मास्तरांचा चेहरा उतरला. "बेटा, राहू दे. भांड्यात पानी टाकनं म्हंजे गुन्हा हाय. तुह्या मायवर येईन, उत्तमरावची नोकरी जाईन, मले जवाब देनं पडन."

"तुम्हीच त सांगतलं, पायाखाली पाहा," वच्छला म्हणाली. "मी पाह्यलं. आता नाई पाह्यलं म्हनू का?"

मास्तरांनी तिला हो म्हटलं नाही आणि अडवलंही नाही.

दुसऱ्या दिवशी पटांगणात खुर्ची मांडली, उत्तमरावांची वही उघडली. सगळं गाव जमलं. साहेब म्हणाले, "एका दिवसात दोन इंच पाऊस, आणि वर चारा मागता? सरकारी यंत्र खोटं बोलतं का?"

वच्छला पुढं झाली. हातात पाण्यानं भरलेला लोटा. "यंत्र खोटं नाई बोलत, साहेब. पहिले ते रिकामं हाय का, पाहून घ्या." साहेबांनी चकित होऊन माझ्यात डोकावलं. तिनं लोटा माझ्यात ओतला, बाटली काढली, नळीनं मोजलं. दोन इंच बारा सेंट! "पाच इंचाचं तोंड हाय त्याचं. एका लोट्यात साऱ्या गावावर दोन इंच पाऊस पडते, कागदावर."

साहेबांचा चेहरा लाल झाला, पण माणूस हुशार होता. "ठीक आहे. असं होऊ शकतं. पण त्या दिवशी असंच झालं, पाऊस नव्हताच, हे कशावरून?"

हाच तर खरा प्रश्न! शाबास साहेब! वच्छलाही जणू त्याचीच वाट पाहत होती. तिनं त्यांना शाळेमागच्या वावरात नेलं. स्वतःच्या वहीतलं पान उघडलं. त्या रविवारच्या आधीच्या शनिवारी भेग हातभर आणि चार बोटं. नंतरच्या शनिवारी हातभर आणि पाच बोटं. "दोन इंच पानी पेली असती त काळी माती फुगली असती, अन् भेग मिटली असती. हे वाढली, साहेब." साहेबांनी वाकून, हातभर पाच बोटांवर खूण केलेली तुराटी स्वतःच्या हातानं आत सोडली. ती खुणेपर्यंत गेली आणि खुणेच्याही पुढं गेली.

उठताना साहेबांनी गुडघ्याची माती झटकली. "पाऊस नव्हता, मान्य. मग पाणी कुणी टाकलं?"

"पाऊस पडला नाई, येवढंच माह्या वहीत हाय," वच्छला म्हणाली. तिची मान खाली गेली नाही. "कोनं टाकलं, ते मी मोजलं नाई."

तेवढ्यात मनकर्णाबाई गर्दीतून पुढं आली. "लेकराले काऊन इचारता? म्या टाकलं. पाऊस मागाले टाकलं, चोरी नाई केली. काय दंड द्याचा तो मले द्या, पन माह्या गाईले नका देऊ!"

तेवढ्यात मास्तरांची बायको नसीमा पदर सावरत म्हणाली, "लोटा आमचा व्हता, साहेब. आजून वापस नाई भेटला." मास्तरांनी कपाळाला हात लावला आणि खुद्द साहेबांना हसू आवरेना.

खुर्चीत बसून त्यांनी टाक उचलला. जुना आकडा खोडला नाही. त्याखाली तांबड्या शाईनं लिहिलं, हा पाऊस नव्हे. मग वर न पाहता विचारलं, "कुणाच्या सांगण्यावरून लिहू? तुझं पूर्ण नाव सांग."

"नाव नका लिहू," वच्छला म्हणाली. "नावाले कोनीबी खोटं म्हनन. भेग लिहा. हातभर पाच बोटं."

आणि साहेबांनी भेग लिहिली. नवव्या दिवशी चाऱ्याच्या गाड्या गावात शिरल्या. मनकर्णाबाईची गाय जगली.

त्यानंतर मी पुष्कळ पाऊस मोजला. पुढं नवं यंत्र आलं आणि मला अडगळीत टाकलं. माझी बाटली फुटली आहे, नरसाळ्यात कोळ्यानं घर केलं आहे. मित्रांनो, जमलं तर मला पुसा, माझी कड घासा, मला पुन्हा मोकळ्या आभाळाखाली ठेवा. एवढी हौस म्हाताऱ्यालाही असते. पण माझ्यापुढं नारळ फोडू नका आणि हातही जोडू नका. माझ्यात पाणी दिसलं म्हणून डोळे मिटून पाऊस लिहाल, तर गुरं तुमची मरतील, माझं काही बिघडणार नाही. आधी बाहेर जा, वाका, आणि जमिनीला हात लावून पाहा.