उशिरा आलेली कळ

अमरसिंह रडला, आणि आमचं अख्खं घर विरघळलं. रडत आलेल्याशी वैर धरायचं नसतं, हे आम्हा मेंढक्यांचं शहाणपण. आग लागो त्या शहाणपणाला!

चकलांब्याच्या रस्त्यावर त्यानं वाळूचा हायवा ट्रक आमच्या मेंढरांत घातला. माझ्या भावाचा, धुळाजीचा, पाय गुडघ्याखाली फुटला. त्याला दवाखान्यात न्यायचं सोडून हा निघून गेला. आणि आता आला होता पोलिसातली तक्रार मागं घ्या म्हणायला.

"धुळाजीमामा, तुमचं दुखणं ते माझं दुखणं," म्हणत त्यानं गळ्यात पडून हुंदके दिले. आमचे म्हातारे तात्याबा लगेच डोळे पुसत बिरोबाचा भंडारा घेऊन आले. भंडारा उचलून दिलेला शब्द आमच्यात कुणी मोडत नाही.

"माणूस रडतोय रे धुळ्या. उचल."

"आधी पट्टी बदलू द्या," माझी भावजय ताराबाई म्हणाली.

तिनं जखमेला चिकटलेली पट्टी ओढली. धुळाजी कळवळला. ताराबाईचं तोंड वाकडं झालं, तात्याबांनी दात आवळले, माझ्या पोटरीत कळ गेली. हे कुणी ठरवून करत नाही. लेकराला घास भरवताना आपलंच तोंड उघडतं, तसं.

अमरसिंह मात्र वाकून जखम बघत होता, टायर कुठं फाटलाय ते बघावं तसा. मग त्याची नजर आमच्या तोंडांवरून फिरली. आमची तोंडं सरळ झाल्यावर, सगळ्यांत शेवटी, त्यानं आपलं वाकडं केलं. हुबेहूब तात्याबांसारखं!

"बघितलं का?" मी ओरडले.

"काय बघायचं? धीट हाय गडी," तात्याबा म्हणाले.

"धीट हाय, तर मग आता कावून कळवळला? आपलं बघून उतरवून घेतलं त्यानं. रडणं बी असंच शिकलाय मेला!"

"आक्का, तुमी लई रागात हाव," अमरसिंह गोड हसला.

धुळाजीचा हात भंडाऱ्याच्या ताटलीवर थांबला होता.

"त्या दिशी मी वरडत व्हतो," तो हळूच म्हणाला, "तवा काच खाली करून ह्यानं असंच बघितलं व्हतं. मला वाटलं, घाबरला आसंल बिचारा."

त्यानं हात मागं घेतला. "तात्याबा, भंडारा आत न्या. तक्रार ऱ्हाऊ द्या."

"अरे पण मामा..."

ताराबाईनं अमरसिंहाकडं बघितलंसुद्धा नाही. "वन्सं, पाय नीट धरा," ती मला म्हणाली. "खालची पट्टी निघायचीय आजून."