याडीच्या बोरीचा डोळा

डोंगरसिंगचं अंगणातल्या गावठी बोरीशी उभं वैर होतं. तिनं त्याचे दोन सदरे फाडले होते आणि एकदा तर भर पाहुण्यांत पागोटं काढून घेतलं होतं. फळ म्हणावं तर वाटाण्याएवढं, तांड्यातली पोरंही चाखून थुंकत. दर उन्हाळ्यात तो कुऱ्हाड काढी, आणि दर उन्हाळ्यात रुक्माबाई आडवी येई.

"ना पाणी, ना खत, तरी उभी हाये," ती म्हणे. "तुमची कपाशी इतके लाड करून बी मान टाकते."

मग एका वैशाखात तिनं स्वतःच बोर कमरेएवढी छाटली. डोंगरसिंग खूश झाला, पण बाईच्या मनात वेगळंच होतं. वणीकडचा तिचा माहेरचा तांडा खाणीसाठी उठत होता. तिथं तिच्या याडीनं, म्हणजे आईनं, लावलेली गोड बोर होती. याडी गेलेली, आता बोरही जाणार. मृगात रुक्माबाई एसटीनं जाऊन तिची वीतभर काडी ओल्या फडक्यात घेऊन आली. गावठी बोरीला नवे धुमारे फुटले होते. ब्लेडनं त्यांची साल हलकेच उकलून तिनं आत याडीच्या बोरीचे तीन डोळे, काडीवरचे न फुटलेले कोंब, बसवले आणि वरून प्लास्टिकची पट्टी बांधली. ही विद्याही याडीचीच. शाळेची पायरी न चढलेल्या बाईचा हात असा चालला होता, की डोंगरसिंग चहा प्यायचा विसरला.

दोन डोळे वाळले, एक फुटला. तोवर वणीकडची बोर जमीनदोस्त झाली होती. याडीचं म्हणून जगात उरलं होतं ते एवढंच.

पुढे पंधरा दिवसांनी डोंगरसिंग कपाशीची विरळणी करून घरी आला. एका जागी दोन रोपं आली की जोमाचं ठेवायचं, मरतुकडं काढायचं. चाळीस वर्षं हे करून हातांना डोक्याची गरज उरली नव्हती. रुक्माबाई घाटंजीच्या बाजाराला गेलेली. तो बोरीजवळ टेकला, तंबाखू मळली, आणि बघतो तर खोडाला एक हातभर तजेलदार फूट, शेजारी दुसरी बोटभर, फिकट. हातानं आपलं काम केलं. फिकट कोंब मोडून बोटांत आला, तेव्हा त्याच्या बुडाशी बांधलेली पट्टी दिसली.

जोमाची होती ती गावठी. शेणमाती लावून, चिंधी बांधून त्यानं कोंब परत चिकटवला. शहाण्या माणसानं करावं असं ते काम नव्हतं. दुसऱ्या दिवशी कोंबानं मान टाकली.

रुक्माबाई काही बोलली नाही. तिला कळलं नसावं, असं समजून तो गप्प राहिला, पण घास गोड लागेना. त्यात पावसानं दडी मारली. कधी तुळशीला तांब्याभर पाणी न घातलेला माणूस रोज सकाळी हापशीवरून बोरीसाठी दोन बादल्या आणू लागला. गावठी फूट दिसली की खुडू लागला. विसाव्या दिवशी, पट्टीच्या वर उरलेल्या खुंटाला ज्वारीच्या दाण्याएवढे दोन हिरवे ठिपके आले.

"रुक्मा," त्यानं हाक मारली. "इकडं ये. मले काही सांगाचं हाये."

"सांगू नका. त्याच दिवशी समजलं मले. तुमची तंबाखूची पुडी तिथंच पडून होती."

"मंग बोलली काहून नाही?"

"बोलली असती त तुम्ही दोन दिवस तोंड पाडून बसले असते, न् तिसऱ्या दिवशी विसरले असते. नाही बोलली, म्हणून झाडाले पाणी भेटलं."

डोंगरसिंगला हसावं की मान खाली घालावी कळेना. बाई मात्र खाली वाकून ते ठिपके न्याहाळत होती.

"पण हे याडीचंच हाये ना?" त्यानं विचारलं.

"पट्टीच्या अगदी लगत फुटलं. आता बोर खाल्ल्यावरच समजीन."

दीड वर्ष गेलं. मधला एक उन्हाळा असा तापला, की हापशी आटली आणि बोरीनं सगळी पानं टाकली. लोक म्हणाले, वाळली. पावसाळ्यात ती दुप्पट फुटली. डोंगरसिंग तिच्यापुढे मनोमन हरला, आणि तिच्या मालकिणीपुढेही.

पौषात पहिलं बोर पिवळं झालं, सुपारीएवढं. रुक्माबाईनं अर्धं तोडून डोळे मिटून खाल्लं.

"अशीच बोरं याडी माझ्या ओटीत भरून देत जाय," ती म्हणाली. डोळे पुसून तिनं उरलेलं अर्धं त्याच्या हातावर ठेवलं.

त्यानं ते सावकाश खाल्लं. बी थुंकली नाही, खिशात टाकली. मग घरात जाऊन ब्लेड आणलं आणि तिच्यापुढे धरलं.

"मृगाले अजून पाच महिने हायेत," ती म्हणाली. "आताच कायले?"

"जपून ठेव. वावराच्या धुऱ्यावर, बांधाबांधानं सात गावठी बोरी हायेत. दरसाल जाळत होतो, गेल्या उन्हाळ्यात नाही जाळल्या."