मायानं खोडलेल्या ओळी

आमच्या ऑफिसात शनिवारी चार वाजता प्रत्येकानं आपला आठवडा वाचून दाखवायचा असतो. ही लोकेशची कल्पना. लोकेश म्हणजे आमचा मालक, वय एकतीस. बेंगळुरूला चार दिवसांचा कसलासा कोर्स करून आला आणि येताना हे खूळ घेऊन आला. आठवडाभरात काय केलं, काय चुकलं, काय शिकलो, ते सगळ्यांनी कॉम्प्युटरवरच्या एका सामायिक पानात लिहायचं आणि शनिवारी गिरमिट-मिरची, म्हणजे मसाल्याचे चुरमुरे आणि मिरचीभजी, खात मोठ्यानं वाचायचं. कुणी कन्नडमध्ये लिहितं, कुणी मराठीत. मी बावन्न वर्षांचा माणूस. शाळेतल्या पोरासारखं उभं राहून 'या आठवड्यात मी काय शिकलो' म्हणायचं मला पहिल्या दिवसापासून पटलं नाही. पण पगार लोकेश देतो, म्हणून मी वाचत होतो.

हुबळीच्या केशवापुरात एका औषधाच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे. दुकानांच्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या वेबसाइटी करून देतो आम्ही. रंग आणि फोटो माझ्याकडं. इथं लागण्याआधी वीस वर्षं मी लग्नपत्रिका केल्या. हुबळीत माझ्या हातची पत्रिका गेली नाही असं मराठी घर सापडायचं नाही. एकदा एका गिऱ्हाइकानं माझ्या कुंकवाच्या रंगाला तपकिरी म्हटलं, तर मी त्याला पत्रिकेसकट बाहेर काढलं होतं. ही गोष्ट मीच सगळ्यांना सांगत असे, आणि सांगताना मला फार बरं वाटे.

माया गावाकडेच्या उणकलची. दहावीच्या सुट्टीत माझ्याकडं पत्रिकांचं काम शिकायला आली होती, तेव्हापासून मला 'सर' म्हणते. पुढं डिग्री घेऊन ती इथंच लागली. माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. बसायची, म्हणायला हवं.

माझा संशय सुरू झाला तो केदारी अण्णांच्या कामावरून. दुर्गदबैलाच्या बाजारात त्यांचं साडीचं दुकान आहे. त्यांच्या साड्यांचे फोटो मी संध्याकाळपर्यंत नीट करून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी मायानं ते वेबसाइटवर चढवायचे, अशी रीत होती. एका मंगळवारी सहज वेबसाइट उघडली तर माझ्या साड्या मला ओळखू येईनात. सगळ्या पिवळट. पांढरी साडी तर हळदीच्या पाण्यातून काढल्यासारखी. फाइल उघडून पाहिली. शेवटचा बदल कुणी केला, तर माया. वेळ सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. आमचं ऑफिस साडेनऊला उघडतं. चावी लोकेशकडं आणि मायाकडं.

मी लगेच काही बोललो नाही. संशय आला की मी गप्प बसतो आणि पाहत राहतो, हा माझा स्वभावच आहे. मालती, म्हणजे आमची बायको, म्हणते की तुमच्या पोटात संशयाचं वेगळं आतडं आहे. त्या दिवसांत घरीही माझं हेच चाललं होतं. बनियन पिवळे निघू लागले होते. मी म्हटलं, "साबण बदललास काय?"

"बदलला न्हाई. पांढरेशुभ्र हाईत की!" मालती म्हणाली. "डोळं फुटलंत काय तुमचं?"

मला खात्री होती की तिनं स्वस्तातला साबण आणला आहे आणि मला सांगत नाही. दूधवाल्यावरही माझा डोळा होता. दुधात काहीतरी मिसळत होता, नाहीतर इतकं पिवळं कसं? ऑफिसातली ट्यूबही मी दोनदा बदलून घेतली. स्क्रीनही बदलून मागितली. लोकेशनं आणून दिली, तीही मेली जुन्यासारखीच.

तेव्हाच मायानं माझ्या टेबलावर एक कागद आणून ठेवला. उणकलला नेत्रतपासणीचं शिबिर, वय पन्नासच्या पुढच्यांसाठी, मोफत. "सर, माझे मामा आहेत तिथं. येता काय? मी पण दाखवून घेणाराय," ती म्हणाली. सव्वीस वर्षांची पोर पन्नाशीच्या शिबिरात काय दाखवणार? मला म्हातारा ठरवायचा हा घाट आहे, हे मी तिथल्या तिथं ओळखलं. कागदाचे चार तुकडे करून टोपलीत टाकले, तिच्यादेखत. 

आणि मग ती जागेची बातमी आली. बेंगळुरूच्या एका कंपनीचं मोठं काम मिळणार, त्यासाठी डिझाइनचा एक प्रमुख नेमायचा, एकच. योगेशनं मला सांगितलं. योगेश आमचा प्रोग्रामर, त्याच्या पोटात काही राहत नाही. मी हसल्यासारखं केलं, पण त्या रात्री जेवण गेलं नाही. ती जागा माझी होती. ती गेली तर मग या वयात मला कोण विचारणार? माया नऊला का येते, माझ्या फायलींना हात का लावते, मला म्हातारा का ठरवते, हे सगळं आता मला सरळ एका रेषेत दिसायला लागलं.

पुरावा मिळाला तोही योगेशमुळंच. शनिवारच्या त्या पानात एक सोय आहे. कुणी काय लिहिलं आणि वाचायच्या आधी काय खोडलं, हे सगळं जुन्या प्रतींमध्ये तारीखवार राहतं. खोडलेल्या ओळीवर तांबडी रेघ दिसते, एवढंच. योगेशनं मला ते सहज दाखवलं आणि विसरून गेला. मी विसरलो नाही. दुसऱ्या दिवशी सगळे जेवायला गेल्यावर मी मायाचे आठवडे उघडले.

एप्रिलमधली एक ओळ, खोडलेली : 'सरांच्या फायली आजही बदलल्या.' जूनमधली : 'लोकेशना एवढ्यात कळू द्यायचं नाही.' जुलैमधली : 'असं फार दिवस चालणार नाही.'

तीन ओळी. मला तेवढ्या पुरल्या. आठवडे तीस होते, पण पुढं वाचायची मला गरजच वाटली नाही. माझे कान तापले होते आणि खरं सांगायचं तर आत कुठंतरी आनंदही झाला होता. मी बरोबर होतो.

बुधवारी मी माझा आठवडा लिहायला घेतला. 'आपल्यातली एक व्यक्ती माझं काम मुद्दाम बिघडवते. शनिवारी मी ते सगळ्यांसमोर दाखवीन. यानंतर या ऑफिसात ती राहील, नाहीतर मी.' लिहून झाल्यावर वाटलं, आधीच सावध कशाला करायचं? खोडून टाकलं. मी तिचं खोडलेलं वाचत होतो, तसं तीही माझं वाचू शकते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

शनिवारी चार वाजता गिरमिट आलं. लोकेश नेहमीसारखा स्टुलावर बसला. माझी पाळी आली तेव्हा मी वाचलं नाही. भिंतीवरच्या टीव्हीला माझा कॉम्प्युटर जोडला. डावीकडं मी नीट केलेली साडी, उजवीकडं मायानं बदललेली. मुद्दाम पांढरीच निवडली होती, लाल काठाची. पांढऱ्यात लबाडी लपत नाही.

"बघा," मी म्हटलं. "ही माझी आणि ही हिनं चोरून बदललेली. सकाळी नऊला येऊन, कुलूप उघडून. का, ते तिलाच विचारा. लोकेश, मी स्पष्ट सांगतो, या ऑफिसात आता ती राहील, नाहीतर मी."

 योगेश हातातल्या मिरचीकडं बघत होता. मायानं मान खाली घातली होती आणि मला वाटलं, सापडली.

"अण्णा," लोकेश मला हळूच म्हणाला, "तुमची कुठली म्हणालात?"

"डावी."

"डावी तर निळी हाय की, अण्णा."

मला हसू आलं. म्हणजे हाही तिला सामील. "निळी? ही निळी? आणि उजवी पिवळीधम्मक आहे ती दिसत नाही?"

"उजवी बिळी हाय. पांढरी." लोकेश उठला. फोटोसाठी आलेल्या साड्यांची केदारी अण्णांची पिशवी कोपऱ्यात होती. त्यातून त्यानं तीच लाल काठाची साडी काढली, घडी मोडली आणि टीव्हीशेजारी धरली. "नोड्री अण्णा. तुम्हीच बघा."

मी पाहिलं. साडी पिवळट होती. उजवीकडच्या फोटोसारखी, तंतोतंत. मी जवळ गेलो, पदर हातात घेतला, खिडकीच्या उजेडात नेला, परत आणला. ती मायाच्याच फोटोशी जुळत होती. माझा फोटो साडीशी कुठंच जुळत नव्हता.

मग मला बनियन आठवले. दूध आठवलं. दोनदा बदललेली ट्यूब आठवली. मालतीचं वाक्य आठवलं. पांढरं म्हणून जे जे होतं ते वर्षभर मला पिवळं दिसत होतं, आणि ते पुन्हा पांढरं करायला मी प्रत्येक फोटोत निळा ओतत होतो. बिघडलेलं काही होतं तर ते मी होतो. मी लाजेनं घामाघूम झालो. कुणीतरी हसलं असतं तर बरं झालं असतं, पण कुणी हसलं नाही.

"माझं वाचायचं राहिलंय," माया म्हणाली.

"बिड्री, राहू दे आज," लोकेश म्हणाला.

"नको. वाचते." ती उभी राहिली. आवाज बारीक होता, पण अडखळला नाही. "बुधवारी सरांनी लिहून खोडलेलं मी वाचलं. ती राहील, नाहीतर मी. पुण्याच्या एका कंपनीचं पत्र मला मागच्या महिन्यात आलं होतं. जायचं नव्हतं म्हणून ठेवून दिलं होतं. काल त्यांना हो म्हणून कळवलं. सरांनी राहावं."

ती खाली बसली. मी म्हटलं, "माया, मी चुकलो." एवढे तीन शब्द काढायला मला किती वेळ लागला ते मला माहीत नाही. "जाऊ नको. मी सगळ्यांसमोर सांगतोय, माझं चुकलं."

"मी शब्द दिलाय, सर." तिनं डोळे पुसले. "तुमी डोळं तेवढं दाखवा. तेवढं करा."

सोमवारी मालती मला हाताला धरून डॉक्टरकडं घेऊन गेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डाव्यात जास्त. साखरेमुळं लवकर झाला, दीड वर्ष तरी वाढत असणार, डॉक्टर म्हणाले. हळूहळू येतो म्हणून माणसाला स्वतःला कळत नाही, बाहेरच्यांना आधी कळतं. मी विचारलं, किती आधी? त्यांना वाटलं मी सहज विचारतोय. ऑपरेशनची तारीख घेतली आणि घरी येताना मालतीची साबणाबद्दल माफी मागितली. ती नेहमीसारखं टोमणा मारेल असं वाटलं होतं. तिनं नुसता माझा हात दाबला.

त्या आठवड्यात मायानं सगळी कामं योगेशला समजावून दिली आणि शुक्रवारी ती गेली. जाताना माझ्या पाया पडली. मला ते सोसलं नाही. मी नको नको म्हणत मागं सरकलो आणि खुर्चीला अडखळलो.

शनिवारी चार वाजता माझी पाळी आली. शेजारचं टेबल रिकामं होतं. मी म्हटलं, माझा आठवडा मी लिहिलेला नाही, पण वाचायला आणलाय. रात्रभर बसून तिचे तीसच्या तीस आठवडे मी मोठ्या अक्षरात उतरवून घेतले होते, खोडलेल्या ओळींसकट. ज्या वेळी वाचायला हव्या होत्या, तेव्हा मी तीनच वाचल्या होत्या.

जानेवारी : 'केदारी अण्णांचा फोन. पांढरी साडी निळी दिसते म्हणाले. चूक माझी म्हणून सांगितलं.' त्या दिवशी मी तिला सगळ्यांसमोर झापलं होतं. रंग बघून फोटो चढवत जा, म्हणून.

मार्च : 'सर येण्याआधी बदलले तर त्यांना कळणार नाही. उद्यापासून नऊला यायचं.'

मे : 'सरांना आडून सांगून पाहिलं. स्क्रीन खराब आहे म्हणाले.'

जून : 'लोकेशना एवढ्यात कळू द्यायचं नाही. सरांची जागा जाईल.' ही ओळ मी आधी वाचली होती, अर्धीच. दुसरं वाक्य तिनं एक मिनिटानं लिहिलं होतं, म्हणून ते पुढच्या प्रतीत होतं, आणि मी तेवढं पानही उलटलं नव्हतं.

जुलै : 'असं फार दिवस चालणार नाही. पण सरांना कोण सांगणार? रंग मला त्यांनीच शिकवलाय.'

लोकेशनं चष्मा काढून पुसायला घेतला. योगेश उठून खिडकीशी गेला. मी वाचत राहिलो. शेवटचं पान आलं. त्या आठवड्याच्या जुन्या प्रती मी दोनदा तपासल्या होत्या. तिथं तिनं एकही ओळ खोडलेली नव्हती. 'सरांनी राहावं,' असं लिहिलं होतं, ते मी वाचलं आणि खाली बसलो.