कॅमेऱ्यातला डाग

डाग होता. जिथे नसायला हवा होता नेमका तिथेच, खाली उजव्या अंगाला.

फोटोग्राफरने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा चढवला आणि मॉनिटरला नाक लागेल इतका जवळ गेला. समोर यंत्रावर हनुवटी टेकवून त्याची बायको बसली होती. थेंब घालून तिच्या उजव्या डोळ्याची बाहुली मोठी केली होती. मान अवघडली, झालं का, असं तिने विचारलं. थांब जरा, म्हणताना त्याला स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही.

त्याला फोटोग्राफर म्हणायचे खरे, पण लग्नाबिग्नाचा फोटो त्याने जन्मात काढला नव्हता. डोळ्यांच्या दवाखान्यात, तळमजल्यावरच्या अंधाऱ्या खोलीत बसून तो बावीस वर्षं माणसांच्या डोळ्यांतला आतला पडदा टिपत होता. साखरेचा आजार असलेल्यांनी वर्षातून एकदा यायचं, फोटो काढून घ्यायचा. ते फोटो वरच्या मजल्यावर डॉक्टरबाईंकडे जायचे. बाई दिवसाला शंभरेक फोटो डोळ्यांखालून घालत आणि ज्यात काही वावगं दिसेल त्यालाच वर बोलावत.

दोन वर्षांपूर्वी कॅमेऱ्याच्या सेन्सरवर, म्हणजे चित्र जिथे उमटतं त्या आतल्या काचेवर, धुळीचा कण बसला. तेव्हापासून प्रत्येक फोटोत खाली उजवीकडे एक पुसट काळा डाग येऊ लागला. रबरी फुग्याने हवा मारून पाहिली, पठ्ठ्या हलेना. पुसायला जावं तर सेन्सर महानाजूक, ओरखडा पडला की कॅमेरा भंगारात. दुरुस्तीवाला आज येतो, उद्या येतो करत राहिला. शेवटी सगळ्यांनाच डागाची सवय झाली. आला तो जायचं नावच घेत नाही म्हणून फोटोग्राफरने त्याचं नाव घरजावई ठेवलं. नवा डॉक्टर आला की तो आधी सांगून टाकी, तो कोपऱ्यातला आपला घरजावई, त्याच्याकडे लक्ष देऊ नका. बाईसुद्धा हसत. त्याच्या शब्दावर सारा दवाखाना चाले, आणि या गोष्टीचा त्याला अभिमान होता. का नसावा?

आज सकाळी मात्र त्याने हिय्या केला. दार लावलं, पंखा बंद केला, कॅमेरा यंत्रापासून सोडवला आणि द्रवाचा एकच थेंब टाकलेल्या मऊ पट्टीने, श्वास रोखून, सेन्सर एकदाच पुसला. पांढऱ्या कागदाचा फोटो काढला. स्वच्छ. दुसरा काढला, तोही स्वच्छ. गडी इतका हरखला की वर्षाच्या तपासणीला आलेल्या बायकोला त्याने रांगेतून उठवून आधी आत घेतलं. कॅमेरा अगदी नव्यासारखा झालाय, पहिला मान तुझा, म्हणाला. एवढं कौतुक माझं कधी केलं नाहीत, असा टोमणा मारून ती बसली.

आणि पहिल्याच फोटोत घरजावई हजर.

आधी त्याला रागच आला. कडेची धूळ पुन्हा मध्ये आली असणार, असं पुटपुटत त्याने कॅमेरा सोडवला आणि नव्या पट्टीने पुसला. पांढरा कागद स्वच्छ आला. कॅमेरा जोडून बायकोचा फोटो काढला, तर डाग. पुन्हा सगळं केलं. पुन्हा कागद कोरा आणि बायकोच्या डोळ्यात डाग.

पुढचं काम हातांनीच सवयीने केलं. कॅमेऱ्यातली धूळ फोटोत एका जागी बसलेली असते, डोळा कुठेही फिरो. त्याने बायकोला दिव्याकडे न बघता आपल्या कानाकडे बघायला सांगितलं. तिने पाहिलं. फोटो आला. लाल शिरांचं जाळं एका बाजूला सरकलं होतं, आणि त्यांच्यासोबत डागही सरकला होता.

टेबलाची कड धरून त्याने मागच्या वर्षीचा तिचा फोटो उघडला आणि त्याच दिवशीचा दुसऱ्या कुणाचा तरी शेजारी लावला. दुसऱ्याचा डाग मुगाएवढा. तिचा त्याच्या दुप्पट. धुळीच्या सावलीमागे दुसरं काहीतरी होतं, वर्षभरापूर्वीसुद्धा होतं, आणि त्याने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

मग त्याला तो फोन आठवला. मागच्या वर्षी बाईंनी वरून विचारलं होतं, काका, काकूंच्या फोटोत हा डाग जरा मोठा वाटत नाही का? तो मोठ्याने हसला होता. मॅडम, घरजावई आहे, खाऊन-पिऊन सुटलाय. वरून बाईही हसल्या होत्या.

बावीस वर्षांत त्याने बाईंना कधी खाली बोलावलं नव्हतं. आज बोलावलं. त्या आल्या, हातात भिंग धरून त्यांनी बायकोच्या डोळ्यात बराच वेळ पाहिलं आणि त्याला बाहेर घेऊन गेल्या. डोळ्याच्या पडद्यामागे गाठ दिसत होती. आजच्या आज मोठ्या हॉस्पिटलला न्यायला हवं. नजर वाचेल का, डोळा तरी राहील का, आत्ता काही सांगता येत नव्हतं. चूक माझीही आहे, मी तेव्हा त्यांना वर बोलवायला हवं होतं, असं त्या हळूच म्हणाल्या.

"तुम्ही विचारलं होतंत मॅडम," तो म्हणाला. "नाही म्हणालो तो मी."

बाईंनी त्याच्या दंडाला धरलं. निदान आज त्या फोनचं त्यांना सांगू नका, म्हणाल्या. त्याला ते पटलंही. आत जाऊन गप्प बसायचं असं ठरवूनच तो आत गेला, स्टुलावर बसला, आणि बायकोकडे बघताच सगळं सांगून मोकळा झाला.

तिने खुर्ची यंत्रापासून मागे सरकवली.

"बाईंनी विचारलं होतं?" तिने शेवटी विचारलं.

"हो."

"मागच्या वर्षीच?"

"हो."

"आणि तुम्ही हसलात."

"हसलो."

ती मांडीवरच्या आपल्या हातांकडे बघत राहिली. तिने आदळआपट करावी, घरादाराचा उद्धार करावा, निदान उठून निघून तरी जावं, असं त्याला फार वाटलं. तिने यातलं काहीच केलं नाही. तेवढ्यात बाई दारात आल्या. मोठ्या हॉस्पिटलला पाठवायला आणखी चार-पाच फोटो लागणार होते, निरनिराळ्या बाजूंनी. त्याची अवस्था बघून त्या म्हणाल्या की वरच्या नर्सला येतं, तिला पाठवते.

"नको," बायको म्हणाली. "हेच काढतील."

तिने खुर्ची पुढे ओढली आणि हनुवटी टेकवली. त्याचा हात इतका थरथरत होता की बटणावर बोट ठरेना. ती वाट बघत राहिली. मोठ्या झालेल्या बाहुलीवर दिव्याचा झोत पडला, डोळ्यातून पाणी गालावर आलं, तरी तिने पापणी लववली नाही की गाल पुसला नाही.

"काढा," ती म्हणाली. "मी हलत नाही."

त्याने दुसऱ्या हाताने आपलं मनगट धरलं आणि बटण दाबलं. फोटो आला. इतका स्पष्ट फोटो त्या खोलीत दोन वर्षांत निघाला नव्हता.